'जीवन व कार्य' लिहिण्याआधी: एक गुरू आणि दोन संगीतकार

माझ्या पीएच.डी.चा पहिला आराखडा परत आला तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'ही माहिती आहे. प्रश्न कुठाय?'

शीर्षक होतं 'भास्कर चंदावरकर: जीवन व कार्य'. जन्म, शिक्षण, चित्रपटांची यादी, नाटकांची यादी, समारोप. पेटची परीक्षा देऊन मुलाखतीची तयारी करणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांच्या वहीत असंच एखादं शीर्षक असेल. म्हणून त्या आराखड्याचं पुढे काय झालं ते सांगतो. संगीत तुमचा विषय नसला तरी चालेल, पद्धत तीच आहे.

चंदावरकरांचा जन्म १९३६चा, पुण्यातला. सतार ते पं. रविशंकरांकडे शिकले. मी हे एका वाक्यात लिहून पुढे गेलो होतो. मग फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराबद्दल वाचलं. जन्म १९३७, बाल्टिमोर. शिकागो विद्यापीठ, न्यूयॉर्कचं जुलियार्ड, मग पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण. पॅरिसमध्येच १९६०च्या दशकाच्या मध्यावर 'चप्पाक्वा' चित्रपटाच्या संगीतासाठी रविशंकरांना एक मदतनीस हवा होता. त्यांचं संगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून वादकांपुढे ठेवायचं, हे काम ग्लासकडे आलं.

तिथे तो अडकला. तो मात्रांचे कप्पे पाडून लिहायचा, आणि तबल्यावर बसलेले अल्लारखाँ सांगायचे, असं नाही, आघात चुकीच्या जागी येतोय. शेवटी त्यानं कप्प्यांच्या उभ्या रेषाच खोडून टाकल्या. मग त्याला दिसलं की लहान लहान गट एकापुढे एक जोडत लय उभी राहते. पुढे त्याच्या स्वतःच्या संगीताचा पाया हाच झाला. ही हकिगत त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे.

आता बघा. दोघांच्या माहितीत 'रविशंकर' हे एकच नाव येतं. पण एकाला ते सतारीची तालीम म्हणून मिळालं आणि दुसऱ्याला एक अडचण म्हणून. म्हणजे 'कोणाकडे शिकले' ही झाली नोंद. 'शिकलेल्याचं पुढे काय केलं' हा झाला प्रश्न. माझ्या आराखड्यात नोंदच होती, प्रश्न नव्हता.

दुसरा मुद्दा पोटापाण्याचा. चरित्रात आपण तो लाजून एका ओळीत उरकतो. ग्लासनं १९६८मध्ये आपलं संगीत वाजवायला स्वतःचा वादकसमूह काढला आणि घर चालवायला प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली. १९७६मध्ये त्याचा 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता. त्याचं पोटाचं काम आणि संगीत यांच्यात भिंत होती.

चंदावरकरांचं पोटाचं काम म्हणजे शिकवणं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सुमारे १५ वर्षं संगीत शिकवलं. माझ्या यादीत त्यांचे चित्रपट भाषेनुसार लावलेले होते: मराठी, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया. एका संध्याकाळी वैतागून मी तीच यादी दिग्दर्शकांनुसार लावली. कुमार शहानींचा 'माया दर्पण' (१९७२), के. जी. जॉर्ज यांचा 'स्वप्नाडनम' (१९७६), नीरद महापात्र यांचा 'माया मिरिग' (१९८४). तीन भाषा, तीन प्रांत. पण तिन्ही त्या त्या दिग्दर्शकाचे पहिलेच कथापट, आणि तिघंही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. भाषेनुसार लावलेली यादी हे लपवत होती. नोकरीची जी ओळ मी उरकून टाकली होती, तिच्यातूनच कारकिर्दीचा एक रस्ता गेला होता.

इथे एक सावधगिरी. तिघं त्याच संस्थेत शिकले, हा पुरावा आहे. म्हणूनच त्यांनी चंदावरकरांना बोलावलं, हा झाला अंदाज. प्रबंधात दोन्हींना जागा असते, पण दोघांना एकाच वाक्यात बसवायचं नसतं.

तिसरा आणि सगळ्यात अवघड मुद्दा म्हणजे सहकार्य. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात झाला. लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, संगीत चंदावरकर. या नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत होते. ती डोलते, गाते, उघडते, मिटते. देवाच्या नावाला लागूनच लावणी येते. मी लिहिलं होतं, 'चंदावरकरांच्या संगीतामुळे नाटक प्रभावी झालं.' पण भिंतीनं डोलत डोलत गायचं असेल तर चालीची लय नृत्यरचनेनं ठरवली की चालीनं डोलणं ठरवलं? भजनावरून लावणीवर उडी तेंडुलकरांच्या संहितेतली, की तालमीत सापडलेली? 'संगीत: अमुक' या श्रेयओळीत याचं उत्तर मिळत नाही.

याचं उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी गावात सापडलं. आमच्या कोंढ्याकडे दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक असतं. वादक रंगमंचासमोर खाली बसतात. लहानपणापासून मी त्यांच्या पाठीशी बसून नाटकं पाहिली, पण त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. यंदा पेटी वाजवणाऱ्या काकांना विचारलं, "काका, कालच्या गाण्याची चाल कोणाची?"

"चाल माहीच. पण त्या पोराचा आवाज वर जात नव्हता, म्हणून अंतरा खाली आणला. अन् तबलेवाल्यानं ठेका बदलला त मुखडाच फिरला. मंग आता तूच सांग बाबू, चाल कोनाची?"

हातपत्रिकेवर काकांचं नाव नव्हतं.

आराखडा मी त्या आठवड्यात पुन्हा लिहिला. नवा प्रश्न असा: १९७०च्या दशकातल्या पुण्याच्या प्रायोगिक नाटकात संगीतकाराचं काम नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? या प्रश्नानं साधनंही बदलली. नुसत्या ध्वनिमुद्रिका पुरत नाहीत. तालमीत उभे असलेल्यांच्या मुलाखती लागतात. 'घाशीराम'वर १९७६मध्ये युक्त या सहकारी गटानं चित्रपट केला. तो उपयोगाचा आहे, पण तो स्वतंत्र चित्रपट आहे, प्रयोगाचं चित्रण नव्हे. नाटकाचा पुरावा म्हणून तो वापरताना हे लिहावं लागतं. संस्थेचा इतिहासही लागतो. एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएनं नाटक थांबवलं, मंडळी बाहेर पडली आणि १९७३मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, त्याचं संगीत आनंद मोडकांचं. एका नाटकाभोवती जमलेल्या माणसांतून दुसऱ्या संगीतकाराला जागा झाली. चंदावरकर २००९मध्ये गेले. त्यांच्या यादीत 'महानिर्वाण' येत नाही, पण माझ्या प्रबंधात ते येणारच.

तुमचा विषय कवी असो, शिल्पकार असो की शास्त्रज्ञ, आराखडा पाठवण्याआधी तीन गोष्टी करून बघा. 'यांच्याकडे शिकले' या वाक्यापुढे 'आणि मग काय केलं' हे लिहा. पोटाचं काम आणि आवडीचं काम एकाच तक्त्यात वर्षांनुसार लावा. आणि कामांची यादी एकदा माणसांनुसार लावा. तिन्ही करूनही प्रश्न दिसला नाही तर विषय बदलायला हरकत नाही, अजून वेळ गेलेली नाही.

दुसऱ्या वेळी आराखडा परत आला तेव्हा पेन्सिलीनं पुन्हा लिहिलेलं होतं: 'मुलाखतींची यादी वाढवा.' पहिलं नाव मी पेटीवाल्या काकांचं घातलं आहे.