सदनिका आपली, जमीन कोणाची?

निवृत्तीच्या वेळी हाती पडणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीचे काय करावे, असा प्रश्न उभा राहिला, की ‘एखादा ब्लॉक घेऊन ठेवावा’ हे उत्तर नोकरदाराच्या घरात ठरलेले असते. शेअर बुडतात, पतपेढ्या बुडतात. विटा मात्र बुडत नाहीत, अशी त्यामागील श्रद्धा. परंतु आयुष्याची पुंजी देऊन आपण नेमके काय विकत घेतो, याची चौकशी फारच थोडे लोक करतात.

विकासकाबरोबर नोंदविलेला करारनामा म्हणजे मालकी, अशी सार्वत्रिक समजूत आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा वेगळे सांगतो. विक्रीच्या कराराने स्थावर मिळकतीत आपोआप हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी हस्तांतरणाचा दस्त व्हावा लागतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने जमीन व इमारत गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देण्याचे, म्हणजेच अभिहस्तांतरणाचे, बंधन विकासकावर घातले. अन्य मुदत ठरलेली नसल्यास संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत हे व्हावे, असा नियम आहे. तरीही असंख्य संस्था वर्षानुवर्षे या दस्तावाचून राहिल्या. कारण उघड आहे. जमीन आपल्या नावावर असेपर्यंत, पुढे वाढणाऱ्या चटईक्षेत्रावर हक्क सांगण्याची संधी विकासकाला किंवा मूळ जमीनमालकाला मिळते.

याची झळ लागते ती तीसचाळीस वर्षांनी. तोवर बांधकामाची किंमत उतरलेली असते. खरे मोल उरते ते जमिनीचे. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की मिळकतपत्रिकेवरील जुने नाव पुढे येते, आणि हप्ते फेडून थकलेले सभासद आपल्याच दारात परके ठरतात.

२००८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा मार्ग खुला केला. विकासक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. त्यांनी सुनावणी घेऊन सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, अशी ही तरतूद. ती स्वागतार्ह होतीच. पण कसूर विकासकाची आणि हेलपाटे संस्थेच्या वयोवृद्ध चिटणीसाचे, हा न्याय काही उलटाच म्हणावा लागेल. हस्तांतरण हा अर्ज करून मिळवण्याचा लाभ नव्हे. ते विकलेल्या वस्तूचेच राहिलेले माप आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या ग्राहकाची स्थिती सुधारली, यात शंका नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे, ही बंधने मोलाची आहेत. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. लहान गावांत गुंतवणूक करणाऱ्याने हे विसरू नये.

‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद चोख,’ हाही असाच भ्रम. बँकेचा वकील पाहतो ते बँकेच्या तारणापुरते. तीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे सत्तावीस हजारांचा हप्ता पडतो आणि एकंदर परतफेड पासष्ट लाखांच्या घरात जाते. एवढा भार उचलणाऱ्याने शंभर रुपये खर्चून मिळकतपत्रिकेचा उतारा पाहू नये, हे नवलच!

जुनी सदनिका घेताना रंग, वारा आणि पाणी जरूर पाहावे. पण त्याआधी संस्थेच्या चिटणीसाला एकच प्रश्न विचारावा : जमीन कोणाच्या नावावर आहे? आणि जे सभासद आज तेथे राहत आहेत, त्यांनी तो पुढच्या वार्षिक सभेत स्वतःलाच विचारावा. इमारत उभी आहे तोवरच त्याचे उत्तर स्वस्तात मिळते.