रोग्याची नोंद रोग्याच्या हातीं

डॉक्टर रोग्याविषयीं जें लिहून ठेवतो, तें वाचण्याचा अधिकार कोणाला? प्रश्न दिसतो साधा. पण त्याच्या उत्तराबरोबर डॉक्टरच्या कामाची रीतही पालटते, असें इंग्लंडांतील अनुभवावरून दिसतें.

त्या देशांत बहुतेक प्रत्येक मनुष्य एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या पटावर असतो. पूर्वीं त्याच्या दुखण्यांचा सारा इतिहास एका लहानशा पाकिटांत राही. मुत्सद्दी लॉइड जॉर्ज यांच्या नांवानें तें पाकीट ओळखलें जाई. मनुष्यानें डॉक्टर बदलला म्हणजे पाकीटही नव्या डॉक्टरकडे जाई. मात्र ज्याच्याविषयीं तें लिहिलेलें, त्याला तें उघडतां येत नसे. १९९० च्या कायद्यानें, नोव्हेंबर १९९१ पासून पुढें लिहिलेल्या नोंदी पाहण्याचा हक्क रोग्याला मिळाला. पण त्यासाठीं अर्ज करून वाट पाहावी लागे. अखेर डॉक्टरांशीं झालेल्या सरकारी करारांत ३१ ऑक्टोबर २०२३ ही मुदत घालण्यांत आली. नव्या नोंदी रोग्याला घरबसल्या मोबाईलवर वाचतां याव्यात, असें त्या करारानें ठरलें.

बंद नोंदींत धोका कसा दडलेला असतो, हें मँचेस्टरजवळच्या हाइड गांवानें पाहिलें आहे. तेथील डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन याला पंधरा रोग्यांच्या खुनांबद्दल जानेवारी २००० मध्यें शिक्षा झाली. पुढें २००२ सालीं चौकशी आयोगानें बळींची संख्या २१५ ठरविली. मृत्यु नैसर्गिक वाटावा म्हणून हा मनुष्य संगणकांतील नोंदींत मागील तारखांचीं खोटीं दुखणीं घुसवीत असे. नोंद खरोखर केव्हां लिहिली, हें यंत्राच्या घड्याळानें टिपून ठेवलें होतें. तेंच न्यायालयांत त्याच्याविरुद्ध गेलें. त्याच दवाखान्यांत नंतर आलेले डॉ. अमीर हन्नन यांनीं कायद्याची सक्ती येण्याच्या कितीतरी वर्षें आधीं रोग्यांना आपापल्या नोंदी वाचूं दिल्या. ज्या गांवाचा डॉक्टरावरील विश्वास असा पायदळीं तुडविला गेला, तेथें तो पुन्हां मिळविण्याचा हा एक मार्ग होता.

पण सर्वच डॉक्टरांना हें रुचलें नाहीं, आणि त्यांच्या शंका पोकळ नव्हत्या. प्रत्येक ओळीचा अर्थ विचारण्यासाठीं फोन येतील, वेळ जाईल, आणि खटल्याच्या धास्तीनें डॉक्टर मनांतील संशय लिहिण्याचेंच टाळतील, अशी त्यांची भीति. शिवाय वैद्यकाची भाषा चमत्कारिक. इंग्रजी डॉक्टर 'धाप लागते' याकरितां 'एस्. ओ. बी.' हीं आद्याक्षरें लिहितो. सामान्य इंग्रजी वाचकाला तीच शिवी वाटते! 'रोगी मद्यपान नाकारतो' असें लिहिलें, तर आपणांस लबाड ठरविलें असें रोग्याला वाटतें.

या भीतींत तथ्य किती, याची एक कसोटी अमेरिकेंत लागली. २०१० सालीं बोस्टन, पेनसिल्व्हेनिया व सिॲटल येथील १०५ डॉक्टरांनीं आपलीं टिपणें वर्षभर रोग्यांना उघडीं केलीं. २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीस अधिक वेळ लागतो, असें म्हणणारे डॉक्टर कोणत्याही ठिकाणीं शेंकडा ५ हून अधिक नव्हते. आणि वर्ष संपल्यावर एकानेंही टिपणें पुन्हां बंद केलीं नाहींत. औषधें घेणाऱ्या ज्या रोग्यांनीं उत्तरें दिलीं, त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं, तीं आतां नियमानें घेतों, असें सांगितलें. अर्थात् हे डॉक्टर स्वखुशीनें पुढें आलेले होते. सक्तीनें आलेल्यांची गोष्ट वेगळी असूं शकते, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

एक अडचण मात्र आंकड्यांत मावत नाहीं. मोबाईल नेहमीं धन्याच्याच हातीं असतो असें नाहीं. नवऱ्याच्या मारानें अंगावर वळ उठलेली स्त्री डॉक्टरापाशीं मन मोकळें करते. तीच नोंद घरीं नवऱ्यानें बळजबरीनें उघडविली, तर? यासाठीं अशी नोंद झांकून ठेवण्याची सोय डॉक्टरला दिलेली आहे. परंतु कोणती झांकावी, हें प्रत्येक वेळीं त्यालाच ओळखावें लागतें. दुसऱ्या कोणीं विश्वासानें सांगितलेली गोष्टही तशीच जपावी लागते. आणि तपासणीचा अशुभ निकाल डॉक्टरच्या तोंडून कळण्याआधीं रात्रीं एकट्यानें वाचण्याची वेळ रोग्यावर येऊं नये, हीही काळजी त्याचीच.

म्हणजे काम वाढतें हें खरें. पण चुकून राहिलेली औषधाची ॲलर्जी किंवा दुसऱ्याच कोणाचें नोंदीत शिरलेलें दुखणें रोग्याइतकें लवकर कोणाच्या लक्षांत येणार? पूर्वीं डॉक्टर स्वतःसाठीं किंवा दुसऱ्या डॉक्टरासाठीं लिहीत असे. आतां लेखणी उचलतांना ज्याचें दुखणें लिहावयाचें, तोच वाचक म्हणून समोर असतो. तेव्हां शब्द सोपे व मनांतला संशयही प्रामाणिकपणें लिहिलेला असावा. आणि तो संशय रोग्यानें प्रथम कागदावर न वाचतां डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला असावा, एवढें पथ्य डॉक्टरनें पाळलें पाहिजे.