वेग, हात आणि किंमत

मोटार वेगवान असणें आणि ती चालविण्यांत गोडी असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. जर्मनींतील पोर्शे कारखान्याच्या दोन मोटारी याची साक्ष देतात : २०१५ सालची ९११ जीटी३ आरएस व २०१६ सालची ९११ आर.

दोहोंचें एंजिन चार लिटरचें, अश्वशक्ति ५००. पहिलींत गिअर यंत्रच बदलतें. चालकानें बोटानें नुसती खूण केली तरी पुरे. ताशीं १०० किलोमीटरचा वेग ती ३.३ सेकंदांत गांठते. दुसरींत सहा गिअर हातानें बदलावे लागतात, तिला ३.८ सेकंद लागतात. घड्याळाच्या न्यायानें पहिली श्रेष्ठ. तथापि संग्राहकांची झुंबड उडाली ती दुसरीवर. तींत हात व पाय यांचा मेळ चालकालाच साधावा लागतो, आणि तो साधल्याचें सुखहि त्याचेंच असतें. शिवाय तिच्या अवघ्या ९९१ मोटारी निघाल्या. साहजिकच तिचा भाव मूळ किंमतीच्या कितीतरी पट चढला.

पुढें २०१७ सालीं कारखान्यानें नव्या जीटी३ मध्यें हाताचा गिअर पुन्हां दिला, आणि चढलेला भाव उतरला. त्या भावांत गोडीइतकाच दुर्मिळतेचाहि वांटा होता, हें तेव्हां उघड झालें.

यांत एक विसंगति आहे. मोटार जितकी अधिक धांवेल तितका तिचा भाव घटतो. म्हणून धनी तिला कुलुपांत ठेवतो. तेथें टायर कडक होतात, रबरी जोड सुकतात, आणि जिच्यासाठीं मोटार घेतली ती गोडी अनुभवावयाची राहूनच जाते. संग्राहकानें आधींच ठरवावें : आपण वाहन घेत आहों कीं ठेव?