हॅलोविनची रात्र कोणत्या गावी पाहावी?

ऑक्टोबरची ३१ तारीख जवळ आली म्हणजे पुण्यामुंबईच्या मोठ्या दुकानांत कागदी भोपळे टांगले जातात, दारांवर हाडांचे सापळे झळकू लागतात, आणि कित्येक शाळांतील मुले घरी येऊन काळा झगा व टोकदार टोपी यांचा हट्ट धरतात. अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर, हे शहरही ह्या लाटेपासून फार दूर राहील असे दिसत नाही. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत नोकरीस आहेत त्यांच्या घरी नातवाचे भुताच्या वेषातील छायाचित्र येते, आणि हा काय प्रकार आहे ते आजीआजोबांस उमगत नाही. त्यातून एक नवाच प्रश्न निघतो. हा भुतांचा सण एकदा पाहावयाचाच झाला, तर कोणते शहर त्यास उत्तम? प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या कंपन्या अशा शहरांच्या याद्या प्रसिद्ध करीत असतात. त्यांत रोषणाई, मिरवणुका व खाणावळी यांची गणती असते. भय ह्या वस्तूची गणती मात्र कोणी करीत नाही, आणि सणाचा जीव तर तिच्यातच आहे.

प्रथम सणाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आयर्लंड व स्कॉटलंड येथील जुन्या केल्टिक लोकांत उन्हाळा सरून हिवाळा लागण्याच्या संधीला साउइन नावाचा सण असे. गुरे रानातून गोठ्यात परतलेली, पीक घरात आलेले, दिवस लहान होऊ लागलेले. अशा वेळी जिवंतांच्या व मृतांच्या जगांमधील पडदा विरळ होतो अशी त्यांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मसभेने आठव्या-नवव्या शतकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला, आणि कालांतराने २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस झाला. संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्रीचे इंग्रजी नाव झिजत झिजत हॅलोविन बनले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेस गेले. त्यांच्याबरोबर सणही गेला व तेथे फोफावला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत भोपळा मुबलक आणि कोरण्यास सोपा, म्हणून सलगमाची जागा त्याने घेतली. हाच तांबडा भोपळा आपल्याकडे पितृपक्षात भाजीच्या रूपाने पानावर येतो. त्याचे मूळ घर अमेरिका खंड असल्यामुळे पितरांच्या पानावर तो फार जुना पाहुणा असण्याचा संभव नाही. तरी दोन दूरच्या समाजांनी मृतांच्या दिवसांत त्यालाच जवळ करावे, ही गोष्ट गमतीची आहे.

आता शहरांकडे वळू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील अनोका हे लहानसे गाव स्वतःस हॅलोविनची राजधानी म्हणविते. तेथील मिरवणूक १९२० साली सुरू झाली, ती मात्र काही श्रद्धेपोटी नव्हे. त्या रात्री गावची पोरे लोकांच्या गाई सोडून भर रस्त्यात हाकलून देत व नाना खोड्या करीत. तेव्हा शहाण्या मंडळींनी त्यांस मिरवणूक व खाऊ यांत गुंतविले. शिमग्याला शेजाऱ्याची लाकडे पळविणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही युक्ती तत्काळ पटेल.

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराची गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन पंथांच्या वैराने हे शहर तीस वर्षे होरपळत होते. १९७२ च्या जानेवारीत तेथे लष्कराने निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या व तेरा माणसे त्याच दिवशी मेली. असल्या गावात, वैर चालू असतानाच, १९८० नंतरच्या दशकात लोक हॅलोविनच्या रात्री सोंगे घेऊन रस्त्यावर उतरू लागले. ज्या गावात माणसाचे नाव ऐकताच त्याचा पंथ ओळखला जाई, तेथे एक रात्र तरी सांगाडा, चेटकीण व राक्षस शेजारी शेजारी चालू लागले. आज तेथे हजारो लोक जमतात. २०१५ साली एका अमेरिकन वृत्तपत्राच्या वाचकांनी डेरीला ह्या सणाचे सर्वोत्तम ठिकाण म्हणून पसंती दिली.

परंतु गर्दीचा विचार केला तर अमेरिकेतील सेलम ह्या गावाशी कोणी स्पर्धा करील असे वाटत नाही. पन्नास हजारांहूनही कमी वस्तीचे हे गाव. पण ऑक्टोबर महिन्यात तेथे दहा लक्षांवर माणसे लोटतात. त्याचे कारण १६९२ साली घडलेले आहे. त्या वर्षी काही मुलींना झटके येऊ लागले, त्यांनी गावातील स्त्रियांची नावे घेतली, आणि चेटकाच्या आरोपाचे वेड त्या सबंध मुलखात पसरले. दीडशेंहून अधिक माणसे धरली गेली. एकोणीस जणांस फाशी झाली. आणि एका वृद्धाने न्यायालयापुढे उत्तर देण्याचे नाकारले म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारण्यात आले. ह्या वेडाचा उगम ज्या सेलम खेड्यात झाला ते आज डॅनव्हर्स नावाने वेगळे नांदते, व तेथे फारसे कोणी फिरकत नाही. सेलम शहराने मात्र १९८२ पासून ऑक्टोबरचा उत्सव मांडला. त्या काळी दोषी ठरलेल्यांपैकी शेवटच्या स्त्रीचे नाव कायद्याने निष्कलंक व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले. निरपराध माणसांस जेथे सुळावर दिले त्याच गावात चेटकिणीच्या टोप्या विकल्या जाव्यात, हे रुचीला धरून आहे असे म्हणवत नाही. सेलममध्ये त्या माणसांची स्मारकेही आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तेथे जाणाऱ्याने आधी तेथील दगडांवर कोरलेली नावे वाचावीत व मग बाजारात शिरावे.

सेलमची गोष्ट आपणांस दूरची वाटण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून एखाद्या बाईस डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आपल्याच राज्यात घडल्या आहेत, आणि २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो असल्याच गोष्टींसाठी. भयाचे दोन प्रकार येथे स्पष्ट दिसतात. एक भय माणसावर बसते: शेजारीण तीच, तिचे तोंडही तेच, पण ती चेटकीण आहे असे गाव म्हणू लागते. दुसरे भय मुखवट्यावर बसते: समोर राक्षस उभा आहे, पण आत आपला शेजारी आहे हे पोराटोरांसही ठाऊक असते. पहिल्या भयाने माणसे मरतात. दुसऱ्याने ती किंचाळतात, पळतात, आणि घटकाभराने हसू लागतात. हॅलोविनसाठी गाव निवडावयाचे तर ही कसोटी लावून पाहावी.

नुसत्या अनोळखी गर्दीत ही कसोटी टिकत नाही. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री हॅलोविनसाठी लोटलेली तरुण माणसे एका अरुंद उतरत्या गल्लीत चेंगरली, आणि त्या दुर्घटनेत १५९ जीव गेले. पुढच्या वर्षी जपानच्या टोकियो शहरातील शिबुया भागाच्या महापौरांनी, हॅलोविनसाठी आमच्याकडे येऊ नका, अशी जगाला उघड विनंती केली. सण पाहावयास या म्हणणारी गावे पुष्कळ आहेत. येऊ नका म्हणणारे हे बहुधा विरळाच.

मग महाराष्ट्रात व त्याच्या शेजारी काय आहे? मृतांच्या स्मरणाचे अंग घेतले तर कोठे जावयाचेच कारण नाही. सर्वपित्री अमावास्येला प्रत्येक गावात कावळ्याला घास ठेवला जातो. २ नोव्हेंबरला कॅथलिक मंडळी आपल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांवर मेणबत्त्या लावतात. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर व संगमनेर ह्या बाजूंस त्यांची वस्ती जुनी आहे. हे दोन्ही घरचे प्रसंग आहेत. पाहुण्याने तेथे डोकावू नये.

सोंगे, राक्षस व इडापीडा हाकलणे हे अंग पाहावयाचे असेल तर नागपूरचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे काळी व पिवळी अशा दोन मारबतींच्या प्रचंड मूर्ती इतवारी भागातून मिरवतात, आणि गावची रोगराई घेऊन जा असे त्यांस ओरडून सांगतात. एकोणिसाव्या शतकापासून ही प्रथा चालत आली आहे. बरोबर बडगे असतात. त्यांत महागाई, लाचलुचपत, चालू वर्षाचे जे काही दुःख असेल त्याचा पुतळा करून लोक त्यास शिव्या घालतात व शेवटी जाळतात. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाने जे साधत नाही ते बडग्याने साधते, असे नागपूरकर म्हणाले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पण हा मामला दिवसाढवळ्याचा आहे, आणि रात्रीच्या भयाची गोडी त्यात नाही.

गोव्यात रात्र आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडे, सगळीकडे वाड्यावाड्यांतून बांबू, गवत व कागद यांचे नरकासुर उभे राहतात. त्यांचे दात, डोळे, नखे यांवर तरुण मंडळी कित्येक दिवस खपतात. पहाटेपूर्वी त्यांचे दहन होते. मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणे, आणि फराळाचे पोहे. भुताची रात्र संपून दिव्यांचा दिवस उगवतो, ही रचना हॅलोविनपेक्षाही सुरेख म्हणावी लागेल. दोष एवढाच की अलीकडे बक्षिसांच्या स्पर्धांमुळे पुतळ्यांची उंची व कर्ण्यांचा आवाज ही दोन्ही वाढत चालली आहेत. ज्याला जावयाचे आहे त्याने शहरातील स्पर्धा सोडून एखाद्या खेड्यातील वाडा गाठावा.

ह्या सर्वांहून सरस असे ठिकाण नगरकरांच्या घरापाशीच आहे. जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुका आहे. त्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टीत, तसेच नाशिककडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि पालघरकडील जव्हार, मोखाडा ह्या भागांत बोहाडा नावाचा सोंगांचा उत्सव होतो. कोठे त्यास भवाडा म्हणतात. महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली ह्या लोकांचा हा उत्सव. होळीनंतर, शेतीची कामे थांबलेली व पाऊस अजून लांब, अशा दिवसांत तो चालतो. रात्री जेवणे आटोपली की देवळापुढच्या मोकळ्या जागेत संबळ व पिपाणी वाजू लागते. प्रथम गणपतीचे सोंग येते, मग शारदेचे. त्यानंतर मारुती, नरसिंह, रावण, वेताळ अशी एकेक सोंगे टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. ते वजनदार असतात, आणि आतून दिसते फार थोडे. म्हणून सोंग घेणाऱ्यास दुसरा माणूस सांभाळून नेतो. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, आणि संबळाचा ठेकाही निराळा. उत्सव काही रात्री चालतो, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते, तोवर पहाट झालेली असते.

येथे ती कसोटी पूर्णपणे उतरते. पुष्कळ गावी अमके सोंग अमक्या घराचे, असा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. रावण कोण होणार हे सर्वांस ठाऊक. मुखवट्यातल्या वेताळाला पाहून लहान मूल आईच्या पदराआड दडते, आणि थोडे मोठे झालेले मूल पावलांच्या ठेवणीवरून आपला चुलता ओळखून त्याला हाक मारते. भय म्हणजे काय, आणि ते मुखवट्याबरोबर काढून ठेवता येते, ह्या दोन्ही गोष्टी मूल एकाच रात्रीत शिकते. शाळेत हा धडा शिकविण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

काही मंडळी भुताखेतांच्या नावाने पाथर्डी तालुक्यातील मढीचे नाव सुचवितात. कानिफनाथांच्या यात्रेस बाधा झाली असे समजली जाणारी माणसे तेथे आणली जातात हे खरे. पण ती माणसे सोंगे नव्हेत. ती आजारी किंवा गांजलेली असतात, आणि त्यांस वैद्याची गरज असते. मढीस दर्शनाला अवश्य जावे, फडाच्या रंगासाठी व बाजारासाठी जावे. गांजलेल्यांची मौज पाहण्यास जाऊ नये.

बोहाड्यास जावयाचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्व गावांची एक तिथी नसते, आणि एखाद्या वर्षी गावात दुःखद घटना घडली असेल तर उत्सव थांबतोही. म्हणून संगमनेरहून पुढे अकोल्यास उतरून तेथे चौकशी करावी आणि मगच पुढची गाडी धरावी. निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही, पण गेल्यावर गावच्या पाटलास किंवा पुजाऱ्यास सांगून बसावे. मुखवट्यास हात लावू नये. तो त्या घरचा देव असतो. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, आणि विजेचा झगझगीत दिवा सोंगाच्या डोळ्यांवर मारू नये, कारण त्या बिचाऱ्याला आधीच काही दिसत नसते. संबळवाल्यांच्या ताटात यथाशक्ति काही टाकावे. डोंगरात फाल्गुन-चैत्रातही पहाटे गारठा पडतो, तेव्हा मुलांसाठी एक कांबळे न विसरता बरोबर घ्यावे.