रविवार रात्रीची पुण्याची गाडी

रविवारी रात्री कोल्हापूरच्या बसस्थानकावर जाऊन बघावं. पुण्याच्या गाडीला गर्दी तरुणांचीच. पिशवीत आईनं बांधून दिलेली चटणी-भाकरी, खिडकीखाली उभे वडील. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ओढ कितीही असली, तरी शिक्षणाला साजेसं काम तिकडं आहे.

हे आजचं नव्हे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये सगळं बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेली. तिथं आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे!

मग एके काळी माणसं इथं येत कशी होती? शाहू महाराजांनी १९०१ पासून गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मान दिला, मल्लांसाठी खासबाग मैदान बांधलं. राहायला जागा, शिकवायला गुरू आणि वर कदर.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला. उच्च न्यायालयात वकिली करायची म्हणून मुंबईत खोली शोधणं आता इथल्या नव्या वकिलाला भाग नाही. भाषणांनी कोणी थांबत नाही. अशा सोयीनं थांबतं.

कारखान्यांचं काय? इंजिनीअर टिकत नाहीत, ही कारखानदारांची नेहमीची तक्रार. पहिला पगार किती देता, असं विचारलं की मात्र बोलणं पाऊसपाण्यावर येतं. त्यामुळं एखाद्या घरातली वकील झालेली धाकटी लेक आता गावात राहील, पण तिचा इंजिनीअर भाऊ अजून रविवारच्या गाडीलाच असेल.