मुमताजचा ‘पहिला नवरा’ कोण?

‘शहाजहानने मुमताजच्या नवऱ्याला ठार मारून तिच्याशी लग्न केलं. सात बायकांमध्ये ती चौथी. चौदाव्या बाळंतपणात ती मेली आणि मग त्याने तिच्याच बहिणीशी लग्न लावलं. यात प्रेम कुठे आहे?’ हा मजकूर गेली कित्येक वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. शिकलेली माणसंही तो शहानिशा न करता पुढे ढकलतात. त्यातलं एकच विधान खरं आहे, ते म्हणजे चौदावं बाळंतपण. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने बाकीची खोटी विधानं खपून जातात.

आधी तारखा पाहू. मुमताजचं मूळ नाव अर्जुमंद बानू. जन्म १५९३ चा. वडील अबुल हसन, म्हणजे पुढचा आसफखान. आजोबा मिर्झा गियास बेग, बादशहा जहांगीरचा वजीर एतमादुद्दौला. १६०७ साली जहांगीरच्या मुलाशी, शाहजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शहाजहानशी, तिचा साखरपुडा झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तो पंधरा. लग्न लागलं १६१२ मध्ये. या लग्नाची नोंद खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. एतकादखानाची मुलगी (आसफखानाची तेव्हाची पदवी एतकादखान होती) खुर्रमला दिली आणि आपण त्याच्या वाड्यावर जाऊन एक दिवस-रात्र राहिलो, असं तो लिहितो. साखरपुडा आणि लग्न यांमधल्या पाच वर्षांत खुर्रमचं एक लग्न झालं, ते १६१० मध्ये इराणच्या सफवी घराण्यातल्या मुलीशी. १६१७ मध्ये त्याने अब्दुर्रहीम खानखानाच्या नातीशी आणखी एक लग्न केलं. म्हणजे लग्नांच्या क्रमाने मुमताज दुसरी आणि साखरपुड्याच्या क्रमाने पहिली. ती चौथी कुठल्याच हिशेबाने ठरत नाही. जनानखान्यात इतर स्त्रिया होत्याच, ते नाकारण्याचं कारण नाही. पण चौदाव्या वर्षी बादशहाच्या मुलाशी जिचं नातं जाहीरपणे ठरलं, तिच्या आयुष्यात मारला गेलेला ‘पहिला नवरा’ कुठे बसवायचा?

तो नवरा आला कुठून, हे मात्र सांगता येतं. तो मुमताजच्या आत्याचा नवरा. आसफखानाची बहीण मेहरुन्निसा, म्हणजे पुढची नूरजहान, हिचं पहिलं लग्न अली कुली इस्तजलू या इराणी सरदाराशी झालं होतं. शेर अफगन ही त्याची पदवी. १६०७ मध्ये बर्दवानला बंगालचा सुभेदार कुतुबुद्दीन कोका त्याच्यावर चालून गेला आणि त्या चकमकीत दोघेही मेले. चार वर्षांनी, १६११ मध्ये, जहांगीरने मेहरुन्निसेशी लग्न केलं. ‘बादशहाने नवऱ्याला मारून बायको पळवली’ ही गोष्ट या घटनेभोवती रचली गेली. शेर अफगनच्या मृत्यूत जहांगीरचा हात होता, हेसुद्धा समकालीन साधनांतून सिद्ध होत नाही. तो आरोप नंतरच्या लेखकांचा. म्हणजे आत्याबद्दलची एक संशयास्पद कथा भाचीला चिकटवली गेली आणि त्या नादात बादशहाही बदलला. बापाच्या नावावरचा आरोप मुलाच्या माथी मारून त्यालाच इतिहास म्हणायचं, याला काय म्हणावं?

यावर एक आक्षेप हमखास येतो: दरबारी बखरकार बादशहाच्या पगारावर होते, ते खरं कशाला लिहितील? आक्षेप रास्त आहे. काझविनी आणि अब्दुल हमीद लाहोरी यांचे पादशाहनामे बादशहाच्या हुकमाने लिहिले गेले, त्यामुळे त्यांतली स्तुती वजा करूनच ते वाचायचे असतात. पण आपल्याकडे केवळ दरबारी साधनं नाहीत. फ्रेंच वैद्य बर्निये आणि इटालियन मनुची या दोघांना शहाजहानचा मुलाहिजा ठेवायचं काहीच कारण नव्हतं. बादशहा आणि त्याची मुलगी जहाँआरा यांच्याबद्दलची अत्यंत गलिच्छ अफवाही बर्नियेने नोंदवून ठेवली आहे. जो माणूस तेवढं लिहायला कचरत नाही, त्याने राणीच्या खून झालेल्या नवऱ्याची बातमी सोडली असती का? अशी बातमी ना बर्नियेकडे आहे, ना मनुचीकडे. आणि मोगल दरबार खून लपवूनच ठेवत असे, हेही खरं नाही. अकबराचा निकटवर्ती अबुल फझल याला आपणच मारवलं, हे जहांगीरने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

बहिणीशी लग्नाची गोष्ट थोडक्यात संपते. मुमताजची बहीण जाफरखान या बड्या सरदाराची बायको होती. जाफरखानाची बायको आणि शहाजहान यांच्या संबंधांबद्दलची कुजबूज मनुचीने लिहिली आहे. तो हिंदुस्थानात आला १६५६ मध्ये, मुमताजच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. ती कुजबूज खरी मानली तरी ती संबंधांची आहे. लग्नाची नोंद कुठेही नाही.

आता खऱ्या विधानाकडे येऊ. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणं झाली. त्यातली सातच मुलं जगली. हे वाचून आजच्या वाचकाला चीड आली तर ती योग्यच आहे, आणि ताजमहालाच्या सौंदर्याने ती वस्तुस्थिती झाकली जाऊ नये. पण ती चीड व्यक्त करायला खोट्या नवऱ्याची गरज नाही. उलट त्या खोटेपणामुळे मुमताजचं खरं आयुष्य पुसलं जातं. भाबड्या प्रेमकथेत ती केवळ सुंदर थडग्याचं निमित्त असते आणि या मजकुरात पळवून आणलेली बाई. दोन्हीकडे तिला स्वतःचं असं काही नसतं.

प्रत्यक्षात १६२२ मध्ये खुर्रमने बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा ती त्याच्याबरोबर बाहेर पडली. दख्खन, तेलंगण, ओडिशा, बंगाल असा तो पळ होता. १६२४ मध्ये मुराद जन्मला तो बिहारमधल्या रोहतासच्या किल्ल्यावर. १६२६ मध्ये शरणागती पत्करावी लागली आणि अकरा वर्षांचा दारा व सात वर्षांचा औरंगजेब ओलीस म्हणून जहांगीरच्या दरबारात पाठवावे लागले. त्यानंतर हे कुटुंब निजामशाही मुलखात, आपल्या जुन्नरला येऊन राहिलं. जहांगीर मेल्याची आणि तख्त मोकळं झाल्याची बातमी नोव्हेंबर १६२७ मध्ये खुर्रमला मिळाली ती जुन्नरलाच, आणि ती धाडली होती मुमताजच्या वडिलांनी. फेब्रुवारी १६२८ मध्ये आग्र्याला राज्यारोहण झालं. मुमताजला वर्षाला दहा लाख रुपयांची नेमणूक मिळाली. शाही मोहोर तिच्याकडे सोपवण्यात आली. पुढे तिच्याच विनंतीवरून ती मोहोर आसफखानाकडे गेली. गरजू बायकांचे अर्ज सतीउन्निसा ही तिची विश्वासू बाई तिच्यापुढे ठेवी आणि ती ते बादशहाकडे नेई. हे दिवस फार टिकले नाहीत. बंडखोर खानजहान लोदी निजामशाहीच्या आश्रयाला गेला, त्याच्या मागावर बादशहा १६३० मध्ये बऱ्हाणपूरला आला आणि मुमताजही आली. दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता. १७ जून १६३१ रोजी चौदावं अपत्य गौहरआरा जन्मली आणि अडतिसाव्या वर्षी मुमताज गेली. राणीपद मिळालं अवघी तीन वर्षं चार महिने.

उरलेले गैरसमज एकेका दमात निकाली निघतात. ताजच्या कारागिरांचे हात तोडल्याचा एकही समकालीन पुरावा नाही. ताजचा वास्तुशिल्पी मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी तर पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या कामावर होता. शहाजहान यमुनेपलीकडे स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता, ही गोष्ट फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेपासून चालत आली. त्या जागी, मेहताबबागेत, उत्खनन झालं तेव्हा मोठा अष्टकोनी हौद सापडला, दुसऱ्या मकबऱ्याचा पाया नाही. ताज हे मुळात ‘तेजोमहालय’ नावाचं शिवमंदिर होतं, हा आपल्याच पु. ना. ओक यांचा सिद्धांत. ताजच्या जागी राजा मानसिंगाची हवेली होती हे खरं आहे, पण ते लपवलेलं कधीच नव्हतं. लाहोरीने ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि मोबदल्यात मानसिंगाचा वंशज जयसिंग याला चार हवेल्या दिल्याचं १६३३ चं फर्मानही उपलब्ध आहे. मकबऱ्याचं काम चालू असताना पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी आग्र्यात होता आणि त्याने ते डोळ्यांनी पाहून लिहिलं. या दाव्यासाठी केलेली ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळली. आणि मुमताजचं पहिलं दफन ताजमहालात नव्हे, तापीकाठी बऱ्हाणपूरच्या झैनाबाद बागेत झालं. सहा महिन्यांनी देह आग्र्याला हलवला.

तिच्या मागे एक कोटी रुपयांहून जास्त संपत्ती उरली. त्यातला निम्मा वाटा मिळाला जहाँआराला, उरलेला इतर मुलांना. सतरा वर्षांची जहाँआरा मोगल जनानखान्याची प्रमुख झाली आणि पुढे शाही मोहोरही तिच्याकडे आली.