तणाची उंची आणि मालकाची निगा : नगरांतील तणविषयक नियमांची अंमलबजावणी

खासगी भूखंडावर माजलेले तण हा प्रथमदर्शनी केवळ मालक आणि त्याची जमीन यांच्यापुरता प्रश्न वाटतो. परंतु तणाचे बी वाऱ्याबरोबर शेजारच्या परसात जाऊन पडते. दाट झाडोऱ्यात उंदीर व साप आसरा घेतात. त्यात टाकलेला कचरा दिसेनासा होतो. आणि वाळलेल्या गवताला ठिणगीचेही निमित्त पुरते. अशा रीतीने एकाच्या हयगयीचे परिणाम अनेकांना भोगावे लागतात. म्हणूनच खासगी मालकीचा आदर करणाऱ्या राज्यपद्धतींतही नगरशासनास कुंपणाच्या आत पाहण्याचा काही अधिकार देण्यात आला आहे. तो अधिकार किती असावा आणि कोणत्या क्रमाने वापरावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या कायद्यांना वस्तुतः जी गोष्ट टाळावयाची आहे ती तण नव्हे, तर निगा राखण्यातील हयगय होय. अडचण अशी की, हयगय ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. निरीक्षकास रस्त्यावरून दिसते ते केवळ वाढलेले गवत. ते आळसामुळे वाढले, मालकाच्या आजारपणामुळे वाढले, की त्याने हेतुपूर्वक वाढू दिले, हे गवत सांगत नाही. ही अडचण दूर करण्याचे दोन मार्ग आढळतात. पहिला मार्ग म्हणजे अधिकाऱ्याच्या मतावर विसंबणे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात हा मार्ग स्वीकारलेला आहे. एखादी जागा दाट व उपद्रवकारक वनस्पतींनी व्यापलेली आहे असे आयुक्तांस दिसून आल्यास ते मालकास अथवा भोगवटादारास लेखी नोटीस देऊन ती साफ करण्यास फर्मावू शकतात. दुसरा मार्ग म्हणजे अधिकाऱ्याच्या मताऐवजी मोजपट्टीवर विसंबणे. अमेरिकेतील नगरांनी सामान्यतः हा मार्ग पत्करला. त्यावरून तेथे शतकाहून अधिक काळ न्यायालयीन वाद होत आले असल्यामुळे या प्रश्नाचे विविध पैलू तेथील अनुभवात अधिक स्पष्टपणे दिसून येतात.

या परंपरेतील एक प्रारंभीचा आणि वारंवार आधारास घेतला जाणारा निर्णय मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1903 मध्ये दिला. सेंट लुई नगराच्या उपविधीप्रमाणे आपल्या जमिनीवर एक फुटापेक्षा उंच तण वाढू देणे हा उपद्रव ठरविण्यात आला होता. न्यायालयाने हा उपविधी वैध मानला. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता व सुव्यवस्था यांच्या रक्षणासाठी खासगी मालमत्तेच्या उपभोगावर वाजवी बंधने घालण्याची जी सत्ता अमेरिकी विधिशास्त्रात ‘पोलीस सत्ता’ या नावाने ओळखली जाते, तिच्या कक्षेत असे बंधन येते, असा या निर्णयाचा आशय आहे. पुढे अनेक नगरांनी आठ, दहा अथवा बारा इंचांची मर्यादा ठरविली. मोजपट्टीचा गुण उघड आहे. ती श्रीमंत-गरीब पाहत नाही, निरीक्षकाच्या आवडीनिवडीस वाव ठेवीत नाही आणि आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे नागरिकास आधीच कळते. तिचा दोषही तितकाच उघड आहे. उंची ही हयगयीची खूण असू शकते, परंतु ती स्वतः हयगय नव्हे.

खूण आणि मूळ वस्तू यांतील हे अंतर भरून काढण्याचे काम अंमलबजावणीच्या प्रक्रियेकडे येते. टेक्सास राज्याच्या आरोग्य व सुरक्षितता संहितेतील 342 वे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यानुसार नगराने प्रथम मालकास नोटीस द्यावयाची असते. ती समक्ष द्यावी अथवा मालमत्तेच्या मूल्यांकन-दप्तरात नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवावी. या मार्गांनी ती बजावता येत नसेल, तर वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी, घराच्या दर्शनी दारावर वा त्याजवळ लावावी, अथवा जमिनीत खुंट रोवून त्यावर फलक लावावा. नोटिशीनंतर मालकास सात दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत त्याने तण काढले नाही तर नगर ते स्वतः काढवून घेते आणि खर्च मालकाच्या नावे लावते. खर्च वसूल न झाल्यास त्याचे निवेदन परगण्याच्या दप्तरात दाखल होऊन मालमत्तेवर बोजा चढतो. कराचे आणि रस्ते-सुधारणेचे बोजे वगळता हा बोजा इतरांच्या अगोदर येतो आणि त्यावर सालीना दहा टक्के व्याज धरले जाते.

या योजनेत मालकावर पडणारी रक्कम तण काढण्याच्या खर्चाशी निगडित आहे. जमीन साफ झाली आणि खर्च भागला, म्हणजे नगराचे कार्य संपले. या क्रमास दोन अपवाद आहेत. एकदा दिलेल्या नोटिशीत तसे नमूद केलेले असेल, तर वर्षाच्या आत त्याच जमिनीवर तसेच उल्लंघन पुन्हा घडल्यास नगर नव्या नोटिशीवाचून तण काढू शकते. तसेच तण 48 इंचांहून उंच असून त्यापासून आरोग्यास, जीवितास वा सुरक्षिततेस तात्काळ धोका असेल, तर आधी काम करून मागाहून दहा दिवसांच्या आत मालकास कळविता येते. या दुसऱ्या प्रसंगी मालकास सुनावणी मागण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे निकड असेल तेव्हा नोटीस पुढे ढकलली जाते, तिचा लोप होत नाही.

नोटिशीकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. मोजपट्टीने जे कळत नाही ते कळून घेण्याचे हेच एक साधन नगराजवळ असते. नोटीस मिळाल्यावर आळशी मालक गवत कापतो. आजारी मालक शेजाऱ्यास अथवा नातलगास सांगून ते कापवून घेतो. वनस्पतींची हेतुपूर्वक जोपासना करणारा मालक आपले म्हणणे मांडतो. आणि ज्याने जमीन खरोखरच टाकून दिली आहे तो काहीच करीत नाही. हे चार प्रकार उंचीच्या दृष्टीने एकरूप असले तरी नोटिशीनंतर वेगळे होतात. नोटीस गाळली की हा भेद नाहीसा होतो आणि इंच हाच एकमेव पुरावा उरतो.

तसे झाले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण फ्लॉरिडातील डनीडिन या लहानशा नगरात 2018 मध्ये दिसून आले. तेथे गवताची मर्यादा दहा इंचांची होती. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पुनःपुन्हा उल्लंघन करणाऱ्यास दररोज 500 डॉलरपर्यंत दंड करता येतो, आणि अशा व्यक्तीस दोष दूर करण्यासाठी वाजवी मुदत देण्याचे बंधन निरीक्षकावर राहत नाही. एका घरमालकाच्या नावे पूर्वीच्या उल्लंघनाची नोंद होती. तो मृत आईच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्यासाठी परराज्यात गेला असता, गवत कापण्यासाठी त्याने नेमलेला माणूस मरण पावला. गवत वाढत राहिले आणि त्याबरोबर दंडही. हिशेब जवळजवळ 30 हजार डॉलरपर्यंत गेला आणि त्यापायी घर विक्रीस काढण्याची कारवाई नगराने मंजूर केली. 2021 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने निकाल नगराच्या बाजूने दिला. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय बसत असेल. परंतु शासनशास्त्राच्या अभ्यासकापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. गवत कापून घेण्याचा खर्च या रकमेच्या तुलनेत नगण्य होता. नगराचा हेतू गवत कापले जावे हा असता, तर ते पहिल्या आठवड्यातच साध्य झाले असते.

मोठ्या नगरांतही दंडाच्या मार्गाचा अवलंब होतो. शिकागोच्या उपविधीत तणाची सरासरी उंची दहा इंचांहून अधिक असू नये असे म्हटले असून, उल्लंघनाचा प्रत्येक दिवस हा स्वतंत्र अपराध मानला जातो. 600 ते 1,200 डॉलर या दंडास एका कंपनीने दिलेले आव्हान संघीय अपील न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळले. न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांनी लिहिलेल्या या निर्णयात दंड अवाजवी ठरविण्यात आला नाही. रानटी वनस्पती वाढविणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग आहे, हा युक्तिवादही टिकला नाही. तो फेटाळताना न्यायालयाने दिलेले एक कारण मननीय आहे. आपण ही झाडे लावली, वाढविली अथवा त्यांची निगा राखली, असे कंपनीचे म्हणणेच नव्हते. दंड कायम करणाऱ्या निर्णयातही अखेर दृष्टी उंचीवरून निगेकडे वळली, ही बाब लक्षणीय होय.

निगेचा हा मुद्दा वेगळ्या स्वरूपात 1976 मध्येच पुढे आला होता. विस्कॉन्सिनमधील न्यू बर्लिन नगरात एका मालकाने आपल्या जमिनीवर नैसर्गिक कुरण हेतुपूर्वक राखले होते. नगराने गवताच्या उंचीचा नियम त्यास लावला. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्यावर, परागकण, उंदीर व आग यांविषयीचे भय अशा कुरणाच्या बाबतीत सिद्ध होत नाही, असे तेथील न्यायालयास आढळले आणि त्याने तो नियम अवैध ठरविला. मिनेसोटा राज्याने 2023 मध्ये याही पुढचे पाऊल टाकले. त्या वर्षीच्या कायद्यान्वये मालकाने योजनापूर्वक लावलेली व निगा राखलेली नैसर्गिक वनस्पतिरचना, ती आठ इंचांहून उंच असली तरी, नगरांना मान्य करावी लागते. मात्र आपोआप नैसर्गिक स्थितीत जावे म्हणून दुर्लक्षित सोडून दिलेल्या हिरवळीस हे संरक्षण नाही. येथे कायद्याने मोजपट्टी टाकून दिलेली नाही; ती कोठे लावावयाची नाही एवढे सांगितले आहे.

या अनुभवाच्या प्रकाशात मुंबईच्या 1888 च्या अधिनियमाकडे पुन्हा पाहिले असता त्याचे बल व उणीव दोन्ही ध्यानात येतात. त्यात इंचांचा उल्लेख नसल्यामुळे कोणती जागा उपद्रवकारक आहे हे ठरविण्याचा मोठा भार अधिकाऱ्याच्या विवेकावर पडतो. आणि विवेकाबरोबर पक्षपाताची शक्यताही येते. परंतु त्याच अधिनियमाने पहिली पायरी म्हणून लेखी नोटीस ठेवली आहे, आणि नोटिशीप्रमाणे काम न झाल्यास ते महापालिकेने करवून खर्च वसूल करावा अशी तरतूद केली आहे. अमेरिकी नगरांपाशी निश्चित माप आहे, परंतु काही ठिकाणी त्यांनी नोटिशीची मुदत सोडली. मुंबईच्या कायद्यात नोटीस आहे, परंतु निश्चित माप नाही. उत्तम नियमास दोहोंची गरज आहे. मापामुळे नागरिकास आपले कर्तव्य आधी कळते आणि नोटिशीमुळे नगरास नागरिकाची परिस्थिती कळते. त्यानंतरही तण उभे राहिले, तर ते काढून त्याचा खर्च मागणे न्याय्यच होय. मात्र तण काढण्यास लागणाऱ्या खर्चाहून वसूल केलेली रक्कम जसजशी मोठी होत जाते, तसतसा आरोग्याचा नियम महसुलाच्या नियमाचे रूप घेऊ लागतो. तो त्या दिशेने किती गेला आहे हे पाहावयाचे असेल, तर नगराने वर्षभरात किती दंड बसविले हे विचारून भागणार नाही. नोटिशीनंतर किती जमिनी मालकांनी स्वतः साफ केल्या, हे विचारले पाहिजे.